ग्राहकहित : आगाऊ रक्कम आणि तिची मिती



आपल्या पेढ्यांवर पूर्वी दोन प्रकारच्या हुंड्या चालत. दर्शनी हुंडी दाखवताच तिची रक्कम मिळे. मुद्दती हुंडीवर मात्र मिती लिहिलेली असे आणि त्या मितीला रक्कम चुकती करणे हा पेढीच्या अब्रूचा प्रश्न असे. दिवाणजी सकाळी वही उघडत तेव्हा आज कोणती हुंडी पिकते, हेच ते आधी पाहत. ती वही आता संगणकात गेली, तरी दुकानातील येण्या-देण्याबाबत ही शिस्त आपल्या घराण्यांनी बहुतांशी टिकवली आहे.

घरातील ऑनलाइन खरेदीच्या वेळी मात्र ही शिस्त कुठे जाते, कोण जाणे. एखादी वस्तू बाजारात येण्यापूर्वीच तिची आगाऊ नोंदणी होते, संपूर्ण रक्कम मोबाइलवरून भरली जाते, 'दोन महिन्यांत घरपोच' असे आश्वासन मिळते, आणि मग ती रक्कम जणू कोणाच्याच वहीत नसते. दोन महिन्यांचे चार होतात, चारांचे सात होतात. विक्रेता दर वेळी विनम्रपणे क्षमा मागतो आणि आपणही 'जाऊ द्या, थांबू या' म्हणतो. आठव्या महिन्यात धीर सुटतो, तेव्हा बँकेकडून उत्तर येते की तक्रारीची मुदत संपली आहे.

या लेखात सांगायचे आहे ते इतकेच : माल उशिरा येऊ शकतो, पण तक्रारीची मुदत आपल्यासाठी थांबून राहत नाही. आगाऊ भरलेल्या प्रत्येक रकमेला मुद्दती हुंडीप्रमाणे एक मिती असते. ती कोणती, हे पैसे भरण्याच्या दिवशीच ठाऊक हवे.

दोन उदाहरणे, एक दूरचे आणि एक घराजवळचे

आगाऊ नोंदणीचा मोह किती व्यापक असतो, हे फेब्रुवारी 2016 मध्ये साऱ्या देशाने पाहिले. नोएडा येथील रिंगिंग बेल्स या कंपनीने 'फ्रीडम 251' नावाचा स्मार्टफोन अवघ्या 251 रुपयांत देण्याची घोषणा केली. 18 फेब्रुवारीला सकाळी नोंदणी सुरू झाली आणि लोकांच्या गर्दीने संकेतस्थळ कोलमडले. वितरणाचा 40 रुपये खर्च धरून 291 रुपये भरायचे होते आणि फोन 30 जून 2016 पर्यंत मिळणार होता. सात कोटींहून अधिक नोंदण्या झाल्याचे कंपनीने सांगितले. प्रत्यक्ष पैसे भरणारे सुमारे 30,000 होते. इतक्या अल्प किमतीत फोन तयारच होऊ शकत नाही, अशी शंका जाणकारांनी लगेच उपस्थित केली. ईशान्य मुंबईचे तत्कालीन खासदार किरीट सोमय्या यांनी तक्रार केली आणि मार्च 2016 मध्ये गुन्हा नोंदवला गेला. चौकशी सुरू झाल्यावर आगाऊ रकमा परत केल्याचे कंपनीने जाहीर केले. पुढे काही हजार फोन दिल्याचा दावाही झाला, परंतु नोंदणी करणाऱ्या बहुसंख्य लोकांच्या हाती फोन आला नाही.

या प्रकरणाचा उत्तरार्ध व्यापारी वाचकांनी विशेष लक्षात ठेवावा असा आहे. फेब्रुवारी 2017 मध्ये कंपनीच्या संचालकाला अटक झाली ती गाझियाबादच्या एका वितरक पेढीच्या तक्रारीवरून. आपण 30 लाख रुपये भरले आणि माल व परतावा मिळून 14 लाखांचाच हिशेब लागला, असे त्या पेढीचे म्हणणे होते. घरगुती ग्राहकाचे 291 रुपये अडकले होते, व्यापाऱ्याचे सोळा लाख. या दोघांसाठी कायद्याच्या वाटा वेगळ्या आहेत. त्याविषयी पुढे लिहिले आहे.

दुसरे उदाहरण आपल्याच परिसरातील. ते ऑनलाइन खरेदीचे नाही, पण 'पैसे आधी, माल नंतर' या व्यवहाराचेच आहे. ठाणे, डोंबिवली, वसई आणि अन्यत्र दुकाने असलेल्या गुडविन ज्वेलर्सची दालने ऑक्टोबर 2019 मध्ये, ऐन दिवाळीच्या सुमारास, एकाएकी बंद झाली. मासिक हप्ते भरून दागिन्यांची वाट पाहणारी आणि ठेवी ठेवलेली कुटुंबे बंद दरवाजांसमोर जमली. प्रकरण पोलिसांच्या आर्थिक गुन्हे शाखेकडे गेले आणि ठेवीदारांच्या संरक्षणासाठीच्या 1999 च्या राज्य कायद्याचा आधार घेण्यात आला.

दोन्ही प्रसंगांत फसवणुकीचा आरोप होता आणि पोलीस आले. आपल्या बहुतेक अडचणी मात्र इतक्या ठळक नसतात. विक्रेता पळून गेलेला नसतो, दूरध्वनी उचलतो, उत्तरेही देतो. फक्त माल येत नाही. मुदती निसटतात त्या अशाच व्यवहारांत.

मुदत पैसे भरण्याच्या मार्गावर ठरते

'तक्रार किती दिवसांत करावी?' या प्रश्नाला एकच उत्तर नाही. पैसे कोणत्या मार्गाने भरले, यावर ते अवलंबून आहे.

व्हिसा किंवा मास्टरकार्डच्या कार्डाने पैसे भरले आणि माल आलाच नाही, तर कार्ड देणाऱ्या आपल्या बँकेमार्फत रक्कम परत मागता येते. या व्यवस्थेस चार्जबॅक म्हणतात. तिची सर्वसाधारण मुदत 120 दिवसांची आहे आणि माल न मिळाल्याच्या तक्रारीत ती वितरणाच्या अपेक्षित तारखेपासून मोजता येते. आगाऊ नोंदणी करणाऱ्यास हा मोठाच दिलासा आहे. परंतु त्यावर कमाल मर्यादाही आहे : मूळ व्यवहारापासून 540 दिवस उलटले की वितरणाची तारीख कोणतीही असो, हा मार्ग बंद होतो. शिवाय हा दावा आपण थेट व्हिसाकडे करत नाही, बँकेकडे करतो, आणि बँकेला कागद तपासण्यास वेळ लागतो. म्हणून 119 व्या दिवशी बँकेत जाणे म्हणजे गाडी सुटताना वसई रोडच्या पुलावर चढणे होय.

परदेशी संकेतस्थळावरील खरेदीत पेपॅलचा वापर होतो. तेथे नियम निराळा आहे. वाद नोंदवण्याची मुदत पैसे भरल्याच्या दिवसापासून 180 दिवस आहे. वितरणाची तारीख तेथे विचारात घेतली जात नाही. वाद नोंदवल्यावर 20 दिवसांत त्याचे रीतसर दाव्यात रूपांतर केले नाही, तर तो आपोआप बंद होतो, आणि एकदा बंद झालेला वाद पुन्हा उघडता येत नाही. यातून एक महत्त्वाची गोष्ट निघते. एखादी वस्तू आठ महिन्यांनी मिळणार असेल आणि तिचे पैसे आज पेपॅलने भरले, तर वस्तू येण्याची तारीख उगवण्यापूर्वीच संरक्षण संपलेले असते.

एनईएफटी, आयएमपीएस अथवा थेट बँक हस्तांतरणाने पैसे पाठवले असतील, तर कार्डासारखे चार्जबॅकचे कवच मिळत नाही. यूपीआयमध्ये व्यवहाराची तक्रार ॲपमधून नोंदवता येते, ती अवश्य नोंदवावी. मात्र एका गोष्टीत गल्लत नको. खात्यातून रक्कम वजा झाली पण व्यापाऱ्यास तिची पोच झाली नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या सप्टेंबर 2019 च्या परिपत्रकानुसार व्यवहाराच्या दिवसानंतर 5 दिवसांत ती आपोआप परत जमा व्हावी लागते आणि त्यापुढील विलंबास दिवसाला 100 रुपये भरपाई आहे. हा नियम फसलेल्या व्यवहारांसाठी आहे. पैसे विक्रेत्यास पोचले आणि माल मात्र आला नाही, तर व्यवहार फसलेला नसतो, विक्रेत्याचा शब्द फसलेला असतो. तेथे हा नियम उपयोगी पडत नाही.

वसई-विरारच्या अनेक गृहसंकुलांत व्हॉट्सॲपच्या गटावर उन्हाळ्याआधी आंब्यांची आणि दिवाळीआधी सुक्या मेव्याची सामूहिक नोंदणी होते. बहुतेकदा पैसे एखाद्या व्यक्तीच्या यूपीआय क्रमांकावर जातात. तेथे परिचय हेच संरक्षण असते. परिचय नसेल, तर विक्रेत्याचे नाव, पत्ता आणि असल्यास जीएसटी क्रमांक आधी मागून घ्यावा. माल हाती आल्यावर पैसे देण्याची सोय असेल, तर तिच्याइतके सोपे संरक्षण दुसरे नाही.

एका उदाहरणाचा हिशेब

समजा, विरारमधील एका कुटुंबाने 1 एप्रिल 2025 रोजी एका परदेशी संकेतस्थळावर 18,000 रुपयांच्या वस्तूची आगाऊ नोंदणी केली आणि विक्रेत्याने 30 जून 2025 पर्यंत माल देण्याचे लिहून दिले. माल आला नाही.

पेपॅलने पैसे भरले असल्यास 180 दिवस 1 एप्रिलपासून मोजायचे, म्हणजे 28 सप्टेंबर 2025 ही शेवटची मिती. कार्डाने भरले असल्यास 120 दिवस 30 जूनपासून मोजायचे, म्हणजे 28 ऑक्टोबर 2025. वितरणाची तारीख विक्रेत्याने पुढे नेली आणि आपण ती लेखी मान्य केली, तर कार्डाची मोजणी नव्या तारखेपासून होऊ शकते, पण 540 दिवसांची हद्द 23 सप्टेंबर 2026 रोजी येतेच. ग्राहक आयोगाची मुदत दोन वर्षांची, म्हणजे साधारण जून 2027 अखेर.

वस्तू तीच, विक्रेता तोच, विलंबही तोच. तरीही एका मार्गाने सप्टेंबरात दार बंद होते, तर दुसऱ्या मार्गाने दोन वर्षे उघडे राहते. पैसे भरताना आपण फक्त 'कोणत्या कार्डावर किती सूट' एवढेच पाहतो. आगाऊ नोंदणीत त्या सुटीपेक्षा हा हिशेब अधिक मोलाचा ठरतो.

गोड शब्दांचे दोन फास

विलंब करणारा प्रत्येक विक्रेता लबाड असतो असे नाही. कारखान्यात माल अडतो, बंदरात जहाज रखडते, हे व्यापाऱ्यास सांगायला नको. पण त्याच्या हेतूचा विचार आणि आपल्या मुदतीचा विचार या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दोन फासांपासून सावध राहावे.

पहिला फास 'आणखी पंधरा दिवस' हा. नोव्हेंबर येईपर्यंत अशी सहा पत्रे जमतात. प्रत्येक पत्र वाचताना वाटते, आता तर येईलच. पण ही पत्रे मुदत पुढे नेतीलच, याचा भरवसा नाही. नुसता पत्रव्यवहार चालू राहिल्याने दाव्याची मुदत वाढत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने वेळोवेळी स्पष्ट केले आहे.

दुसरा फास अधिक नाजूक आहे. आपण वाद नोंदवला की विक्रेता लिहितो, 'आपण तक्रार मागे घ्या, म्हणजे आम्हांला पैसे परत पाठवता येतील.' सज्जन माणूस तक्रार मागे घेतो. पैसे येत नाहीत आणि तक्रार पुन्हा उघडत नाही. परतावा देण्यासाठी तक्रार मागे घेण्याची गरज नसते. रक्कम खात्यात जमा झाल्याचे दिसल्यावरच तक्रार बंद करावी.

याची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. चार्जबॅकने पैसे परत मिळाले आणि महिन्याभराने वस्तूही दारात आली, तर ती ठेवून घेणे योग्य नाही. वस्तू परत करावी अथवा तिचे मोल चुकते करावे. आपले हक्क वेळेत बजावणे आणि दुसऱ्याचे न घेणे, या दोन्ही गोष्टी एकाच सचोटीच्या आहेत.

ग्राहक आयोगाचे दार

बँकेचा मार्ग बंद झाला म्हणून सारे संपले असे नाही. 2019 चा ग्राहक संरक्षण कायदा 20 जुलै 2020 पासून लागू आहे. त्याच्या कलम 69 प्रमाणे तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांत आयोगाकडे तक्रार करता येते. विलंबास पुरेसे कारण असेल तर आयोग तो माफ करू शकतो, पण ती आयोगाची इच्छा असते, आपला हक्क नव्हे.

या कायद्याने केलेली मोठी सोय म्हणजे तक्रार आपण जेथे राहतो किंवा काम करतो तेथील जिल्हा आयोगाकडे करता येते. विक्रेता नोएडा, बंगळूर किंवा सुरतचा असला तरी वसईच्या माणसाला तेथे धावावे लागत नाही. मोजलेली किंमत 50 लाखांपर्यंत असेल तर प्रकरण जिल्हा आयोगाकडे, आणि 5 लाखांपर्यंत असेल तर शुल्कही नाही. वकील देणे सक्तीचे नाही. तक्रार ऑनलाइनही दाखल होते. त्यासाठी 2020 मध्ये ई-दाखिल ही सोय आली आणि 2025 पासून तिच्या जागी ई-जागृती आहे. कायद्याची अपेक्षा विरुद्ध पक्षास नोटीस मिळाल्यापासून तीन महिन्यांत निकाल लागावा अशी आहे. प्रत्यक्षात अधिक काळ लागतो, हे मनाशी धरून चालावे. आदेश न पाळणाऱ्यास कलम 72 प्रमाणे तीन वर्षांपर्यंत कारावास अथवा किमान 25,000 रुपये दंड होऊ शकतो.

तक्रारीपूर्वी दोन पायऱ्या चढाव्यात. पहिली म्हणजे विक्रेत्याचा तक्रार निवारण अधिकारी. जुलै 2020 च्या ई-कॉमर्स नियमांप्रमाणे त्याने 48 तासांत तक्रारीची पोच आणि एक महिन्यात तिचे निवारण करावयाचे असते. सांगितलेल्या तारखेनंतर माल आला, तर अनिवार्य नैसर्गिक अडचणीसारखे कारण नसल्यास विक्रेता तो परत घेण्यास अथवा पैसे परत देण्यास नकार देऊ शकत नाही, असेही हे नियम सांगतात. दुसरी पायरी म्हणजे राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन, क्रमांक 1915. तेथील मध्यस्थीने पुष्कळ तक्रारी आयोगापर्यंत जाण्याआधीच मिटतात. मात्र हेल्पलाइनवर तक्रार दिल्याने आयोगाची दोन वर्षांची मुदत थांबत नाही.

विक्रेताच बनावट होता, संकेतस्थळ एका रात्रीत नाहीसे झाले, असा संशय आला तर महिना-पंधरवड्याचा विचारच करू नये. त्याच तासाला 1930 या सायबर हेल्पलाइनवर कळवावे, म्हणजे रक्कम पुढच्या खात्यात जाण्याआधी गोठवण्याची शक्यता राहते. ऑक्टोबर 2020 पासून आपला परिसर मीरा-भाईंदर, वसई-विरार पोलीस आयुक्तालयाच्या कक्षेत आहे. लेखी तक्रार तेथे द्यावी.

विक्रेता परदेशी असेल, तर आपल्या आयोगाचा आदेश तेथे अमलात आणणे अवघड. म्हणून परदेशी खरेदीत कार्डाची अथवा पेपॅलची मुदत हीच खरी मुदत मानावी.

खरेदी दुकानासाठी असेल तर

येथे आपल्या वाचकांचा सर्वांत मोठा गैरसमज दूर करणे अगत्याचे आहे. पुनर्विक्रीसाठी अथवा व्यापारी हेतूने माल घेणारा या कायद्याने 'ग्राहक' ठरत नाही. घरासाठी मागवलेले मिक्सर आले नाही तर आयोगाचे दार उघडे आहे. दुकानात विकण्यासाठी त्याच मिक्सरचे पन्नास नग आगाऊ मागवले आणि ते आले नाहीत, तर ते दार बंद आहे. स्वतःच्या उदरनिर्वाहासाठी, स्वयंरोजगाराकरिता घेतलेल्या वस्तूस अपवाद आहे, पण त्याची कक्षा मर्यादित आहे.

व्यापाऱ्याने वा संस्थेने केलेली प्रत्येक खरेदी व्यापारीच असते, असेही नाही. मुंबईच्या लीलावती कीर्तिलाल मेहता मेडिकल ट्रस्टने परिचारिकांच्या निवासासाठी घेतलेल्या सदनिकांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने 2019 मध्ये असे ठरवले की, व्यवहाराचा प्रधान हेतू कोणता हे पाहावे. त्या खरेदीचा नफ्याशी निकटचा संबंध नसल्याने ट्रस्टला ग्राहक मानण्यात आले. पेढीच्या नावाने घेतलेल्या एखाद्या वस्तूबाबतही हीच कसोटी लावून पाहता येईल.

अन्यथा व्यापाऱ्याचा मार्ग दिवाणी न्यायालयाचा. तेथे मुदत 1963 च्या मुदत कायद्याप्रमाणे सर्वसाधारणतः तीन वर्षांची आहे. व्यापारी स्वरूपाचा वाद 3 लाखांचा वा अधिक असेल आणि तातडीचा दिलासा मागायचा नसेल, तर दाव्यापूर्वी मध्यस्थी आवश्यक आहे. या कायद्याचे कलम 18 व्यापाऱ्यास फार उपयोगी आहे. मुदत संपण्यापूर्वी समोरच्याने आपले देणे स्वाक्षरीनिशी लेखी मान्य केले, तर त्या दिवसापासून मुदत नव्याने सुरू होते. म्हणून 'आणखी पंधरा दिवस' म्हणणाऱ्या पुरवठादाराकडून गोड संदेश घेण्याऐवजी 'आपली अमुक रक्कम आमच्याकडे जमा आहे' अशी स्वाक्षरीची कबुली घ्यावी.

हिशेबाच्या अंगानेही एक गोष्ट ध्यानी ठेवावी. माल प्रत्यक्ष हाती आल्याशिवाय त्यावरील जीएसटीची वजावट घेता येत नाही. केवळ बीजक आले म्हणून ती घेतली आणि माल कधी आलाच नाही, तर रकमेबरोबर करही अंगावर येतो.

आपण स्वतः आगाऊ रक्कम घेतो तेव्हा

आपल्यापैकी अनेकांची दुकाने आता ऑनलाइनही आहेत. सणापूर्वी साड्या, भांडी, दागिने, मिठाई यांची आगाऊ नोंदणी आपणही घेतो. वर सांगितलेले 48 तासांचे आणि एका महिन्याचे बंधन अशा विक्रेत्यांनाही आहे. पेढी कंपनी म्हणून नोंदलेली असेल, तर आणखी एक नियम लागू होतो : मालासाठी घेतलेली आगाऊ रक्कम 365 दिवसांत त्या मालापोटी वळती झाली नाही, तर 2014 च्या ठेवविषयक नियमांनुसार ती 'ठेव' समजली जाते, आणि मग ठेवींचे सारे कडक कायदे लागू होतात. अनेक सराफांच्या हप्ता योजना अकरा महिन्यांच्या का असतात, याचे उत्तर येथे आहे.

कायद्यापलीकडेही एक विचार आहे. ग्राहकाने आगाऊ दिलेली रक्कम माल देईपर्यंत आपली मिळकत नसते, ती विश्वासाने सोपवलेली असते. ती दुसऱ्या मालात गुंतवली, तो माल पडून राहिला आणि पहिल्या ग्राहकास द्यायला ना वस्तू उरली ना पैसे, ही अनेक बुडालेल्या दुकानांची कथा आहे. त्यात दर वेळी सुरुवातीपासून कपट असतेच असे नाही. बहुधा मिती विसरलेली असते. म्हणून नोंदणी घेतानाच वितरणाची तारीख पावतीवर लिहावी. ती पाळता येणार नाही असे दिसताच ग्राहकाने विचारण्यापूर्वी आपण कळवावे आणि 'थांबणार की पैसे परत हवेत?' हा प्रश्न आपणच विचारावा. आगाऊ मागणी ही काही मुळात वाईट प्रथा नाही. 1975 पासून मुंबई ग्राहक पंचायतीचे सदस्य गटागटांनी मागणी नोंदवून सामूहिक खरेदी करत आले आहेत. हिशेब उघडा असेल आणि तारीख पाळली जात असेल, तर तीच पद्धत दोन्ही बाजूंना सोयीची ठरते.

आता घरी करावयाचे काम

हे सारे वाचून धास्ती बाळगण्याचे कारण नाही. काम थोडे आहे. आगाऊ पैसे भरले की त्याच दिवशी चार गोष्टी एका जागी जपून ठेवाव्यात : मागणीची पोच, पैसे भरल्याची पावती, वितरणाची तारीख दाखवणाऱ्या पानाचे छायाचित्र आणि विक्रेत्याचा पत्ता. पानाचे छायाचित्र त्याच दिवशी घ्यावे, कारण संकेतस्थळावरील तारखा निमूटपणे बदलतात.

मग घरच्या दिनदर्शिकेवर तीन खुणा कराव्यात. पहिली वितरणाच्या तारखेला. त्या दिवशी माल आला नाही, तर विक्रेत्यास लेखी विचारणा करावी. दुसरी त्यानंतर तीस दिवसांनी. तेव्हाही माल नसेल, तर 'मागणी रद्द, रक्कम परत करावी' असे लेखी कळवून बँकेकडे अथवा पेपॅलकडे तक्रार नोंदवावी. पैसे पेपॅलने भरले असतील, तर दुसरी खूण भरण्याच्या दिवसापासून 150 दिवसांच्या पुढे जाऊ देऊ नये. तिसरी खूण वितरणाच्या तारखेनंतर दीड वर्षाने, आयोगाकडे जाण्याचा निर्णय घेण्यासाठी. बँकेने तक्रारीवर 30 दिवसांत समाधान केले नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडेही जाता येते. 2021 च्या एकीकृत योजनेने ती सोय दिली आहे.

घरातील ज्येष्ठांनी आणि तरुणांनी हे काम वाटून घ्यावे. मोबाइलवर मागणी नोंदवणे नातवास चांगले जमते. मिती सांभाळणे आजोबांना जमते, त्यांचे आयुष्य त्यातच गेलेले असते. येत्या रविवारी दोघांनी एकत्र बसून घरातील प्रलंबित ऑनलाइन मागण्यांची यादी करावी आणि प्रत्येकीपुढे तिची मिती लिहावी. यादीत एखादी मागणी अशी निघेल, जिची मुदत अजून आठ-दहा दिवस शिल्लक आहे. तिची तक्रार त्याच दिवशी नोंदवावी.